ताईने उघडलेली पाकिटं: इंग्लंडमधल्या एका मराठी घराचा प्रकरण अभ्यास

घरात तिला सगळे ताई म्हणतात. धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हापासून आईवडिलांनीही तिला नावाने हाक मारणं सोडलं. इथेही ती ताईच. वय १५. गाव सांगली जिल्ह्यातलं. सध्याचं घर इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका शहरात: भाड्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं. मी तिथल्या मुलांच्या मानसिक आरोग्य टीममध्ये काम करते. मूळची मिरजेची, म्हणून प्रकरण माझ्या टेबलावर आलं. तीन घरांच्या हकिकती एकत्र करून, ओळखीच्या खुणा बदलून ते मांडते आहे. ताईने स्वतःला इजा कशी केली हे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते कळून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि एखाद्या पोराचं नुकसान मात्र होऊ शकतं.

आलेला कागद

२०२५ च्या फेब्रुवारीतला शुक्रवार. शाळेत खेळाच्या तासाला शिक्षिकेच्या काहीतरी लक्षात आलं, शाळेने आईला बोलावून घेतलं आणि संध्याकाळी ताई रुग्णालयात पोहोचली. रात्रभर तिला मुलांच्या वॉर्डात ठेवलं. सोमवारी आमच्याकडे रेफरल, म्हणजे पुढच्या उपचारासाठी पाठवल्याची चिठ्ठी, आलं. त्यात तीन वाक्यं ठळक केलेली होती. कुटुंब कडक वळणाचं. वडिलांचा भावनिक सहभाग कमी. मुलीचं भारतात नात्यात लग्न ठरवल्याची शक्यता.

तिसऱ्या वाक्यामुळे सगळी यंत्रणा जागी झाली होती आणि तिचं काही चुकलं नव्हतं. इंग्लंडमध्ये जबरदस्तीचं लग्न २०१४ पासून गुन्हा आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाचं किमान वय १८ झालं. दक्षिण आशियाई घरातली मुलगी स्वतःला इजा करते आणि आई म्हणते की हिला गावी पाठवणार आहोत, तेव्हा वॉर्डातल्या नर्सने कान टवकारलेच पाहिजेत. अशा शंकेने मुली वाचल्या आहेत.

पण आई म्हणाली काय होती? वॉर्डात मराठी दुभाषी मिळाला नाही म्हणून फोनवर हिंदीचा जोडून दिला. "हिंदी चालेल ना?" "चालेल." आपली माणसं कशालाही चालेलच म्हणतात, विशेषतः सरकारी माणसापुढे. आईच्या मनातलं वाक्य होतं, "तिचं मामाकडं राहायचं ठरवलंय." ते तिच्या हिंदीतून बाहेर पडलं, "इसका मामा के उधर तय किया है." दुभाष्याने 'तय किया'चा जो अर्थ कोणीही लावेल तोच लावला. तिकडून इंग्रजीत गेलं: मुलीचं मामाच्या घरी ठरलं आहे. त्यातून आपल्याकडे मामाच्या मुलाशी लग्न होतं, हे कुणीतरी प्रशिक्षणात ऐकलेलं. एक 'राहायचं' गळालं आणि मामा सासरा झाला.

मला नोंदीतल्या पहिल्या वाक्याचा त्रास जास्त झाला. 'कडक वळणाचं कुटुंब' हे आमच्या क्षेत्रातलं फार सोयीचं लेबल आहे. दक्षिण आशियाई मुलगी म्हटली की ते हाताशी तयार असतं. १९९० च्या दशकात पश्चिम लंडनमध्ये झालेल्या अभ्यासांत तरुण दक्षिण आशियाई स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं होतं. तेव्हापासून 'दोन संस्कृतींमधली ओढाताण' हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. ते खोटं नाही, पण ते कुठल्याच एका घराबद्दल काही सांगत नाही. मँचेस्टर, ऑक्सफर्ड आणि डर्बी या तीन शहरांतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मला जास्त कामाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: अल्पसंख्य वंशाच्या लोकांची इजेनंतर मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी होण्याची शक्यता गोऱ्या लोकांपेक्षा कमी होती. लेबल पटकन लागतं, तपासणी मागे राहते.

पहिली भेट, आणि माझी चूक

मी ताईला भेटले आणि उत्साहाने मराठीत सुरुवात केली. तिने सभ्यपणे तीन-चार उत्तरं दिली. मग विचारलं, "मॅडम, तुम्ही इथल्या मराठी मंडळात जाता?" जाते म्हटलं, गणपतीला. तिने मान हलवली आणि पुढची वीस मिनिटं 'ठीक आहे' याच्यापलीकडे काही बोलली नाही.

मला वाटलं होतं, मराठी माणूस भेटला की मुलगी मोकळी होईल. तिला दिसली ती गणपतीच्या आरतीला आईच्या शेजारी उभी राहणारी बाई. शहरात मराठी घरं मोजकी, प्रत्येकाला प्रत्येकाचं भाडं माहीत. तिला कोण हवं हे आम्ही विचारलंच नव्हतं. तिच्या आधी मीच ठरवून टाकलं होतं.

आठवड्याने विचारलं. तिला गोरी सहकारी चालणार होती, इंग्रजीत. दीड वर्षापूर्वी सेमी इंग्रजीच्या शाळेतून आलेल्या मुलीचं इंग्रजी ते कितीसं असणार? तिनेच कारण सांगितलं आणि ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: "मराठीत बोलायला लागले की मी ताई होते."

तेव्हा कामाची वाटणी केली. ताईबरोबर माझी सहकारी बसेल, मी आईवडिलांबरोबर. काय गुपित राहील आणि काय नाही, हे तिला आधी स्पष्ट सांगितलं. इथे १६ च्या आतल्या मुलालाही पुरेशी समज असेल तर स्वतःच्या उपचाराबद्दल संमती देता येते. हा दंडक १९८५ च्या गिलिक खटल्यातून आला. पण जिवाला धोका वाटला तर आम्ही गप्प बसणार नाही, हेही तिला त्याच बैठकीत सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं. नियम सांगणारी माणसं तिला आवडतात, असं सहकारी म्हणाली.

घर

घरभेटीला गेले तेव्हा दुपारचे दोन. वडील पडद्याआड झोपलेले. वेअरहाउसमध्ये नाइट असते. रेडिएटरवर आईचा केअर होमचा निळा अंगरखा वाळत होता. आईने चहा टाकला. मला आधी मॅडम म्हणत होती, मग जरा सैलावून ताई म्हणायला लागली, आणि दर हाकेला कोपऱ्यात अभ्यास करणारी ताई मान वर करायची. शेवटी आईलाच हसू आलं. "तुम्हाला आक्काच म्हणते ओ," म्हणाली.

फ्रिजवर चुंबकाखाली पत्रांचा गठ्ठा होता. वीज, घरमालक, धाकट्याची शाळा, दवाखाना. प्रत्येक पाकीट एकाच हाताने, कडेने सरळ कापलेलं. प्रत्येक पत्रावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक मराठी अक्षर: 'आई, इथे सही.' 'बाबा, २८ च्या आत भरायचे.' 'याला उत्तर दिलं आहे, टाकून द्या.' एखाद्या जुन्या हेडक्लार्कचं टेबल असावं तसं. पंधरा वर्षांच्या मुलीचं अक्षर.

मुलांनी आईबापांसाठी दुभाषेगिरी करण्यावर अमेरिकेत, मुख्यतः मेक्सिकन आणि चिनी स्थलांतरितांच्या घरांत, बराच अभ्यास झाला आहे. त्यातून दिसतं ते असं की हे काम मुळात वाईट नाही. 'मला जमतं, घराला माझा उपयोग होतो' असं वाटलं तर मूल त्यातून ताठ उभं राहतं. तेच काम ओझं वाटायला लागलं की मन खचतं. इथल्या आरोग्यसेवेत लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेऊ नये असं धोरण आहे, पण घरात फ्रिजपाशी कोण पाहायला येणार? ताईला हे काम दोन्ही होतं. पत्रांबद्दल विचारलं की तिचा चेहरा खुलायचा. रात्री मात्र झोप नव्हती.

आता थोडी मागची गोष्ट. आई नर्सिंग शिकलेली, मिरजेत एका खासगी दवाखान्यात नोकरीला. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने केअर वर्करना, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांना, आरोग्यसेवेच्या व्हिसात घेतलं आणि एजंटांचं पीक आलं. वडिलांनी टेम्पो विकला. २०२३ च्या जानेवारीत आई एकटी पुढे आली, ऑगस्टमध्ये वडील आणि दोन्ही मुलं. मधले सात महिने मुलं आजीकडे. नंतर, ११ मार्च २०२४ पासून, नव्या केअर वर्करना कुटुंब आणायलाच बंदी झाली. म्हणजे हे घर दार बंद व्हायच्या आत कसंबसं शिरलेलं. आईच्या मनात हे कायम होतं: आपण शिरलो, पण कधीही बाहेर काढतील.

व्हिसा कंपनीला बांधलेला. कंपनीचं परदेशी कामगार ठेवायचं लायसन्स गेलं तर कामगाराला सहसा ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा, नाहीतर देश सोडा. आईच्या कंपनीचं लायसन्स गेलं.

होम ऑफिसचा, म्हणजे इथल्या गृहखात्याचा, ईमेल आईच्या खात्यावर आला. पासवर्ड ताईकडे. तिने तो एका मंगळवारी सकाळी बसमध्ये वाचला आणि कुणाला सांगितला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर ६० पासून उलटे आकडे लिहिले आणि रोज एक खोडायला लागली. वॉर्डात दाखल झाली तेव्हा ५१ पर्यंत आली होती.

नऊ दिवस तिने काय हिशेब केला, ते सहकारीला सांगितलं. चौघांची तिकिटं. चौघांची नव्या व्हिसाची फी. आजीकडून आणलेले पैसे. टेम्पो. मग तोच हिशेब एक माणूस वजा करून. हे ऐकलं तेव्हा आमच्या टीममध्ये कुणी काही बोललं नाही. 'मी ओझं आहे' ही भावना आत्महत्येच्या विचारांशी किती घट्ट बांधलेली असते यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये सिद्धान्त मांडला. आम्ही सगळ्यांनी तो परीक्षेसाठी पाठ केलेला. वहीतली वजाबाकी म्हणून तो समोर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. जिवाच्या धोक्याचा विचार त्या दिवशी नव्याने केला. इथे २०२२ च्या सप्टेंबरमधली राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगते की गुणांकाच्या तक्त्यांवरून किंवा 'कमी, मध्यम, जास्त' अशा चिठ्ठ्या लावून पुढचा धोका वर्तवू नका. माणसाशी बोलून त्याच्या गरजा समजून घ्या. पहिल्या रात्रीच्या नोंदीत या वहीचा पत्ताच नव्हता. तिला कुणी विचारलंच नव्हतं की घरातला हिशेब कोण करतं.

साडेसहाचा चहा

वडिलांबद्दलची नोंद आठवते? 'भावनिक सहभाग कमी.' माणूस उंच, अबोल, हात कायम मांडीखाली. पहिल्या भेटीत म्हणाले, "आमच्यात असलं काही नसतंय." लिहिणाऱ्याने तेवढंच लिहिलं असतं तर नोंद बरोबरच होती.

कौटुंबिक उपचारात एक जुनी युक्ती आहे: माणसाला स्वतःबद्दल न विचारता घरातल्या दुसऱ्या दोघांबद्दल विचारायचं. मी आईला विचारलं, "ताई आणि तिचे बाबा एकमेकांशी कधी बोलतात?" आई म्हणाली, "बोलत न्हाईत. चहा पितात." सकाळी साडेसहाला वडील नाइटवरून येतात. ताई तेव्हा उठलेली असते. ती चहा करते, दोघं पायरीवर बसून पितात, आले घातलेला, वीस मिनिटं. ती शाळेचं सांगते किंवा सांगत नाही. वडील बिस्किटाचा पुडा अर्धा तिच्याकडे सरकवतात. दीड वर्षात एकही दिवस चुकला नव्हता.

"हल्ली पितात?"

आई थांबली. जानेवारीत एजन्सीने वडिलांची शिफ्ट बदलली होती. ते आता साडेनऊला यायचे, ताई शाळेत गेलेली असायची. ईमेल आला तेव्हा चहा बंद होऊन तीन आठवडे झाले होते.

या प्रकरणातून एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी ही सांगेन, लग्नाच्या गैरसमजाची नाही. घर जवळचं की लांबचं, हे आपण बोलण्यावरून मोजतो. संशोधक लुइस झायास यांनी न्यूयॉर्कमधल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या किशोरवयीन मुलींवर केलेल्या कामात दिसलं की आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलींमध्ये आईशी असलेली देवाणघेवाण, एकमेकींना समजून घेणं, कमी होतं. तिथे प्रश्नावल्या होत्या. आमच्याकडच्या प्रश्नावलीत 'तू वडिलांशी मनातलं बोलतेस का' या प्रश्नाला ताईने 'कधीच नाही' वर खूण केली होती. खरं होतं. चहाचा रकाना कुठल्याच कागदावर नव्हता.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं तिला झोप मिळंल जास्त." दुसऱ्या दिवशी सुपरवायझरकडे जाऊन शिफ्ट मागून घेतली. तासाला मिळणारे पैसे थोडे कमी झाले.

एकच बातमी, दोन कुलपं

ईमेलचं गुपित फोडायचं की नाही, ते ताईने ठरवलं. आईला सांगायचं, पण मी तिथे हवी, सहकारी पण. चौघी बसलो. तिने फोन काढला, ईमेल इंग्रजीत वाचला आणि मराठीत सांगायला तोंड उघडलं तर आवाज येईना. रोज वीस पत्रांचं भाषांतर करणारी पोर.

आई म्हणाली, "मला ठाऊक आहे गं. कंपनी बंद पडणार हे कामावरच्या बायकांनी महिन्यापूर्वीच सांगितलंय."

म्हणून तर मामा. परीक्षांचं वर्ष तोंडावर, इथे काय होईल सांगता येत नाही, म्हणून ताईला जयसिंगपूरला मामाकडे ठेवून शाळेत घालायचं आईवडिलांनी ठरवलं होतं. तिला सांगितलं ते अर्धंच, 'तुला पाठवणार आहोत'. कारण सांगितलं नाही, पोरीच्या डोक्याला ताप नको म्हणून. पोरीने त्याचा अर्थ लावला की आपण नको झालो. वॉर्डातही आई व्हिसाचं बोलली नाही, कारण समोर सरकारी माणसं. मुलांच्या मानसिक उपचारांनी व्हिसा जात नाही हे मी तिला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिने विश्वास ठेवला असावा.

त्या बैठकीत रडारड झाली, पण मला लक्षात राहिलं ते वेगळं. आईने वही मागितली. आकड्यांचं पान बघितलं, पेन घेतलं आणि स्वतः त्या दिवसाचा आकडा खोडला. "उद्यापास्नं मी खोडणार," म्हणाली.

पुढे काय केलं

सुरक्षा योजना केली. मन बिघडायला लागल्याच्या तिच्या स्वतःच्या खुणा, त्या वेळी कुठे बसायचं, कुणाला उठवायचं, कुणाला फोन करायचा. घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू आईने कुलपात ठेवल्या, किल्ली गळ्यात. योजना आईच्या अक्षरात मराठीत लिहिली, कपाटाच्या दाराला आतून लावली. खाली इथल्या मदतीच्या हेल्पलाइनचे दोन नंबर: मुलांसाठी चाइल्डलाइन ०८०० ११११, कुठल्याही वेळी समॅरिटन्स ११६ १२३. आजीचं घर भारतात, म्हणून तिकडच्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ पण आईने लिहून घेतला. त्यावर मराठीतही बोलता येतं.

व्हिसाचे कागद ताईच्या हातून काढून घेतले. इथे असा सल्ला फक्त मान्यताप्राप्त माणसालाच देता येतो. शहरातल्या एका मोफत केंद्रात तशी बाई होती. आईच्या खात्याचा पासवर्ड बदलला. बाकीची पत्रं? मी सुचवलं होतं की सगळीच थांबवू. ताई चिडली. तडजोड अशी झाली: वीज आणि धाकट्याची शाळा तिच्याकडे, पैसे आणि सरकार आईबाबांकडे. मला वाटतं तिचं बरोबर होतं. सगळं काढून घेतलं असतं तर तिच्या हातात उरलं काय असतं?

शाळेने नेमून दिलेली शिक्षिका आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं भेटायची. लग्नाची चौकशी तीन आठवड्यांत बंद झाली. ज्या सोशल वर्करने ती केली, ती शेवटी आईला म्हणाली की प्रश्न विचारल्याबद्दल मी माफी मागणार नाही. आई म्हणाली, नका मागू, माझ्या पोरीसाठी विचारलंत. दोघींमधलं हे भाषांतर मी मधे बसून केलं. माझं त्या दिवसाचं सगळ्यात सोपं काम.

ताई पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा पुन्हा इजा झाली. या वेळी तिने स्वतः वडिलांना सांगितलं, पायरीवर. ते तसेच, न झोपता, तिला घेऊन आमच्याकडे आले.

४३व्या दिवशी आईला दुसरी कंपनी मिळाली. दीडशे मैलांवर. मामाकडे पाठवायचं बारगळलं, पण शाळा बदलणार, माझी सहकारी सुटणार, आणि नव्या शहरात मुलांच्या टीमची रांग पुन्हा पहिल्यापासून. तिथल्या टीमला फोन करून, मागे लागून पहिली भेट जवळची मिळवली. फाइल पाठवताना जुनं रेफरल वर न ठेवता खाली ठेवलं. दुभाष्याच्या रकान्यात लिहिलं: आईवडिलांसाठी मराठी, हिंदी नको. मुलीसाठी नको, ती इंग्रजीत बोलेल. तरी तिला विचारावं. वडिलांच्या रकान्यात शिफ्टची वेळ लिहिली, आणि कंसात, सकाळी साडेसहा ते सात भेट ठेवू नये.